घराबाहेर विचारायचा प्रश्न

मला कावीळ झाली होती, असं आमच्या कारेगावातल्या काही बायकांना अजूनही वाटतं. झाली नव्हती. अकरावीत असताना मी जीव द्यायला निघाले होते आणि त्यातून वाचले. कशी, कशानं, ते मी इथं लिहिणार नाही. ती रीत कळून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. का, तेही धड सांगता यायचं नाही. लोकांना एकच कारण लागतं, आणि पोरीच्या बाबतीत तर ते ठरलेलंच असतं. नापास झाली का, कुणी पोरगा होता का. माझं तसलं काही नव्हतं. कितीतरी महिने मला सगळं लांबून ऐकू यायचं, रजई डोक्यावरून घेतल्यावर बाहेरची माणसं बोलतात ना, तसं. एसटीनं शिरूरच्या कॉलेजला जायचे, परत यायचे. मधली गावं, उसाचे फड, हायवेवरच्या ट्रकांच्या रांगा, सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी स्वप्नातलं असल्यागत खिडकीतून सरकत राहायचं. मला वाटायचं, मी या स्वप्नातून उठून गेले तर कुणाची झोपसुद्धा मोडायची नाही.

शिरूरच्या दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा एक हिरवा पडदा हळूहळू हलत होता. पडद्यामागं आप्पा, म्हणजे माझे वडील, कुणाला तरी सांगत होते, "कावीळ हाय. पोटातली."

आप्पा खोटं बोलणारा माणूस नव्हे. रांजणगावची एमआयडीसी आली, त्यात आमचं रान गेलं आणि आप्पा त्याच रानाशेजारच्या कंपनीत कामाला लागले. तिथंसुद्धा चूक झाली तर आपणहून सांगणारे. पण कावीळ ही कल्पना त्यांची नव्हती, आबांची होती. आबा म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. काकू गेल्यापासून आमच्याच घरी जेवायला असायचे, आणि भावकीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. आबा म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या पोरीचं लग्न करायचंय. कावीळ म्हना आन् गप बसा."

पण कावीळ म्हटल्यावर गाव गप्प बसतंय होय! घरी आले त्या दिवसापासून रीघ लागली. कुणी उसाचा रस आणला, कुणी फुटाणे, कुणी बिनतेलाची मुळ्याची भाजी. येईल ती बाई माझी पापणी खाली ओढून बघायची आणि म्हणायची, "आगं बया, हळदीवानी पिवळं हायेत की!" माझे डोळे चांगले पांढरेफटक होते. पण बघायला आलेल्या एकीलाही ते पांढरे दिसले नाहीत. मागच्या आळीतल्या एका म्हातारीनं काविळीची माळ आणून माझ्या डोक्यावर ठेवली. बारीक काड्या दोऱ्यात गाठवलेल्या. कावीळ उतरत जाते तशी ती माळ वाढत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, मग छातीवर, मग खाली, अशी आमच्याकडची समजूत. मी माळ घालून अंगणात बाजेवर पडून असायचे. दिवाळी नुकती झालेली, ऊन कोवळं, कंपनीचा भोंगा लांबून यायचा आणि विरून जायचा. आपण दुसऱ्याच कुणाचा तरी आजार घालून पडलोय, असं वाटायचं.

आणि गंमत बघा, न झालेली कावीळ उतरली सुद्धा! माळ कमरेपर्यंत आली. आईनं आळीत साखर वाटली. आबांनी मिशीवरून हात फिरवला. आता मला हसू येतं, पण तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण माझ्या घरच्यांनीही खरंखुरं हुश्श केलं. उतरली ना? झालं तर मग. ज्याला नावच दिलं नव्हतं ते माझ्या आत होतं तसंच होतं, आणि आता तर त्याच्याबद्दल बोलायची वाटही बुजली.

बरं झालं, शिरूरचे डॉक्टर खमके निघाले. तपासायला नेलं तेव्हा आप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, "दौंडला मनाच्या डॉक्टर बाई आठवड्यातून एकदा बसतात. तिथं जा. एकट्या पोरीला पाठवू नका, घरातल्या सगळ्यांनी जायचं. हा आजार घरानं मिळून बरा करायचा असतो."

आप्पांनी हे घरी येऊन आबांना सांगितलं. आबांनी विचार केला आणि निकाल दिला, "सगळ्यांनी म्हंजी भावकीनं. बैठक हाय ती."

आमच्याकडं भावकीची बैठक ही मोठी गोष्ट. बांधाचा तंटा असो, नांदायला न येणारी सून असो, चार कर्ती माणसं बसतात, पान खातात, खाकरतात आणि ठरवतात. मग काय, वडापाची, म्हणजे भाड्यानं माणसं नेणारी, एक जीप ठरली. त्यात आबा, आप्पा, चुलते, चुलतचुलते, एक मामा, टोप्या, फेटे, धोतरं. कोपऱ्यात आई. आणि मागच्या टोकाला, दाराच्या कडीला धरून मी. जीप दौंडच्या वाटेला लागली तेव्हा धुकं होतं. धुक्यात उसाच्या बैलगाड्या यायच्या आणि जायच्या, आणि जीपमध्ये माणसं माझ्याबद्दल अशी बोलत होती की जणू मी गावात राहिलेय.

दौंडला स्टेशनजवळ एक जुनी कौलारू बैठी इमारत होती. दारात बुचाचं झाड, खाली फुलांचा सडा. जीप थांबली, सगळे उतरले, फेटे सारखे करत आत गेले. आईही गेली. मला कुणी ये म्हटलं नाही. बैठकीत जिचा विषय असतो तिला बसवायची रीत नसते. मी जीपमध्येच राहिले. ड्रायव्हर चहाला गेला. मला आत बोलावलं नाही याचं काही वाईट वाटलं नाही, हे खरं वाईट होतं.

आत काय झालं ते आईनं नंतर सांगितलं. बाई पन्नाशीच्या, सुती साडीतल्या. एवढी फौज बघून त्या मुळीच दचकल्या नाहीत. सतरंजी अंथरली, पाणी दिलं. आबांनी सुरुवात केली, "बाई, पोरीकडनं चूक झाली. आमी पदरात घेतली. आता काय निवाडा करायचा त्यो तुमी करा."

बाई म्हणाल्या, "मुलगी कुठंय?"

आई म्हणाली, "जीपमदी हाय."

बाई उठून बाहेर आल्या आणि सरळ जीपमध्ये चढून माझ्या शेजारी बसल्या. काही बोलणार तेवढ्यात मालगाडी आली. दौंडच्या मालगाड्या लांबच लांब, संपता संपत नाहीत. डबा, डबा, डबा. जीपच्या काचा थरथरत होत्या. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून गाडी ऐकत राहिलो. गाडी गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "आत तुझ्याबद्दल बोलणं चाललंय. येतेस?"

मी म्हटलं, "तिथं माझं काय काम?"

मी पहिल्यापासून फाटक्या तोंडाची. पण बाई हसल्या. म्हणाल्या, "तू नसलीस तर त्यांचं तिथं काय काम?"

त्या मला हाताला धरून आत घेऊन गेल्या आणि सगळ्यांना विचारलं, "हिच्याबरोबर रोज एका चुलीवरचं कोण जेवतं?" आई, आप्पा आणि आबा, तिघांनी हात वर केले. बाकीच्यांना बाईंनी फार प्रेमानं चहाला पाठवून दिलं. ते स्टेशनवर जाऊन गाड्या बघत बसले आणि परतताना खूश होते. जीपमध्ये एक चुलते म्हणाले, "बैठक झ्याक झाली."

पुढं आम्ही चौघंच जायला लागलो, एसटीनं. बाईंच्या खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या असायच्या. गाडी आली की बोलणं थांबायचं, कारण ऐकूच यायचं नाही. ते मला फार आवडायचं. काही न बोलता चौघांनी बसायचं, आणि त्याचा दोष कुणालाच नाही.

पहिल्याच दिवशी बाईंच्या लक्षात एक गोष्ट आली, जी आमच्या लक्षात जन्मात आली नव्हती. मी न्हाती-धुती झाल्यापासून आप्पा माझ्याशी थेट बोलायचे नाहीत. मी समोर बसलेली असले तरी आईला म्हणायचे, "तिला म्हनावं जेवून घे." मीही आईलाच सांगायचे, "त्यांना सांग, भूक नाही." आई म्हणजे आमचं टपालखातं. आमच्यात बाप लेकीशी असाच वागतो, त्यात माया कमी असते असं नाही. पण बाईंनी आप्पांची खुर्ची माझ्यापुढं फिरवली आणि म्हणाल्या, "'तिला म्हणावं' नाही. 'तू' म्हणा." आप्पांना घाम फुटला. थंडीचे दिवस, तरी टोपी काढून कपाळ पुसलं. मग माझ्या पायांकडं बघत म्हणाले, "तू... तू जेवतीस का न्हाई धड?" एवढंच. मला रडू आलं आणि त्या रडण्याचा रागही आला.

त्या दिवशी काही गोष्टी ठरल्या. घरात, गोठ्यात जे जे जिवाला घातक होतं ते आबांनी स्वतः गोळा करून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवलं. शिरूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या आईच्या ताब्यात. मी एकटी राहायची नाही. इथपर्यंत सगळ्यांना पटलं. मग बाई म्हणाल्या, "आणि रोज एकदा, घरातल्या एकानं हिला सरळ विचारायचं. आज तुला मरावंसं वाटलं का?"

खोलीत जणू कुणीतरी काचेचं भांडं आपटलं.

आमच्या घराचं सांगते. आमच्याकडं बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, शांत होतो. मी कॉलेजला निघताना चुकून 'जाते' म्हटलं तर आई अर्ध्या आळीतून माघारी बोलवायची, 'येते' म्हणायला लावायची आणि मगच सोडायची. असल्या घरात रोज उठून तो शब्द? आबा उभेच राहिले. "बाई, आसलं अभद्र घरात बोलायचं न्हाई. वास्तू तथास्तु म्हनती."

ही आमच्याकडची घट्ट समजूत. घराला कान असतात, आणि माणूस जे बोलेल त्याला वास्तू 'तसंच होवो' म्हणते. बाईंनी थट्टा केली नाही. म्हणाल्या, "आबा, विचारल्यानं मनात नसलेलं मरण येत नाही. असलेलं बाहेर पडतं. न विचारल्यामुळं तिनं ते एकटीनं सांभाळलं, आणि काय झालं ते तुम्ही बघितलंत."

आबा हटेनात. तेव्हा बाईंनी विचारलं, "बरं, वास्तूची हद्द कुठवर असते?"

आता हद्दीचं म्हणाल तर आबांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. आयुष्य बांध मोजण्यात गेलेलं. ते खाली बसले आणि एखाद्या रानाचा निकाल द्यावा तसा विचार करून म्हणाले, "पागोळ्या पडत्यात तिथवर वास्तू. त्याच्या पल्याड रान."

"मग पल्याड विचारा," बाई म्हणाल्या.

आबांनी आप्पांकडं बघितलं, आईकडं बघितलं. "पल्याड चालंल," म्हणाले. "पर पागोळीला खेटून नको. रस्ता वलांडून."

एवढ्यानं भागलं नाही. बाईंनी सांगितलं, उत्तर 'हो' आलं तर रडायचं नाही, रागवायचं नाही, शपथ घालायची नाही, देवाला नवस बोलायचा नाही. हातातलं काम टाकायचं, तिच्याजवळ बसायचं, आणि तिला घेऊन डॉक्टरांकडं किंवा इकडं यायचं. मला म्हणाल्या, "आणि तू खरं सांगायचंस. एवढं एकच तुझं काम." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय?

झालं, सुरू झालं. आप्पा पहिल्या पाळीवरून आले की चहा घ्यायचे आणि आम्ही दोघं रस्ता ओलांडून निघायचो. कंपन्यांच्या कडेनं एक मुरमाचा रस्ता जायचा. एका बाजूला पत्र्याची शेडं, दुसऱ्या बाजूला उरलीसुरली ज्वारी. कलतं ऊन, पोपटांचे थवे, आणि शेडांतून येणारी एकसुरी घरघर. आप्पा पुढं, मी चार पावलं मागं. एके ठिकाणी ते थांबायचे आणि बाभळीला विचारल्यागत विचारायचे, "बरं हाय ना?"

"हाय."

"चल मंग."

दौंडला बाईंनी खोदून विचारलं तेव्हा आप्पांनी कबूल केलं की शब्द घशातच अडकतो. मग बाईंनी त्यांना सराव करायला लावला. आबांना म्हणाल्या, "तुम्ही मुलगी व्हा." आबा धोतर सावरून माझ्या खुर्चीत बसले. आप्पांनी डोळे मिटून, पाढा म्हटल्यासारखं विचारलं, "आज तुला मरावंसं वाटलं का?" आबा एकदम बोलून गेले, "छ्या! मला कशाला वाटंल बा, सोसायटीचं इलेक्शन तोंडावर हाय!" आधी बाई हसल्या, मग आई, मग मी. कितीतरी महिन्यांनी हसले. माझंच हसणं मला अनोळखी वाटलं, पण गोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुरमाच्या रस्त्यावर आप्पा वळले, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं. आवाज फाटला होता, पण विचारलं. आभाळ कोसळलं नाही. ज्वारी हलत होती तशीच हलत राहिली.

मी म्हटलं, "न्हाई."

त्या दिवशी ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी नव्हतं. पण मी तेच म्हटलं. आप्पांच्या चेहऱ्यावरची ती उजळणारी रेघ दिसायची ना, ती विझवायचं धाडस व्हायचं नाही. विचारायची पाळी आईची असेल त्या दिवशी ती मला रस्त्यापलीकडच्या दगडावर बसवून तेल घालता घालता विचारायची, आणि उत्तर ऐकलं की थू थू करून केसांवरून बोटं मोडायची. तिलाही मी 'न्हाई'च म्हणायचे. कधी खरं, कधी खोटं. थंडी सरली, शिमगा झाला, आणि सगळ्यांना वाटायला लागलं की पोरगी आता सावरली. मलासुद्धा वाटायचं. ते फिरणं मला आवडायला लागलं होतं. आप्पा आता चार पावलं पुढं नसायचे, शेजारून चालायचे, आणि शेडांकडं हात करून सांगायचे, हितं आपला हरभरा असायचा, हितं तू लहानपनी झोळीत निजायचीस.

मग चैत्रातली ती दुपार आली. आप्पा पहिल्या पाळीला. कांदाकाढणीची घाई, म्हणून आई दोन घटकांसाठी शेजाऱ्यांच्या रानात गेलेली. आबा माझ्यासोबत होते, त्यांना कुणी सोसायटीच्या कामाला बोलावून नेलं. "आलोच," म्हणाले. घर सामसूम. पत्रे तापून टिक टिक वाजत होते. आणि ते आलं. मोठ्यानं नाही आलं. सगळं पुन्हा लांब गेलं, भांडी, भिंत, माझे स्वतःचे हात, सगळं रजईच्या पलीकडं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट सरळ उभी होती, आणि ती फार सोपी दिसत होती. मला भीती वाटली. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि आज वाटतं, त्या भीतीतच माझा जीव शिल्लक होता.

मी उठले आणि दारातून बाहेर पडले. पागोळी ओलांडली, रस्ता ओलांडला, आणि चालत राहिले. पायात चप्पल नव्हती हे नंतर कळलं. मुरूम पोळत होता, तो पायाला पोळत होता की आणखी कुणाला, कळत नव्हतं. उन्हाच्या लाटा उठत होत्या आणि पत्र्याची शेडं त्या लाटांवर तरंगत होती. मी मनात म्हणत होते, आप्पांच्या कंपनीच्या गेटपर्यंत. गेटपर्यंत जा. पुढचं पुढं.

गेटवर बिहारकडचा सिक्युरिटीवाला होता. माझा अवतार बघून तो उठून उभा राहिला. "क्या हुआ, बेटी? घर में कोई गुजर गया?"

मी म्हटलं, "नाही. आप्पांना बोलवा."

आप्पा आले, हाताला ऑइल, डोक्याला टोपी. त्यांच्यामागं सुपरवायझर, आणि चहाच्या सुट्टीतले चार-पाच कामगार. मला एवढी माणसं नको होती. पण थांबले असते तर बोललेच नसते. म्हटलं, "आप्पा, आज वाटतंय."

आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वयात आल्यापासून पहिल्यांदा.

सुपरवायझर म्हणाला, "काय झालं हो? घरी कोण सिरीयस आहे का?"

मला वाटलं, आता कावीळ. किंवा आईची तब्येत. काहीही म्हणता आलं असतं, आणि निम्मं गाव तिथंच उभं होतं. आप्पा वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या पोरीला आज मरावंसं वाटतंय. मी तिच्यापाशी बसनार हाय. माझा हाफ डे टाका."

सिक्युरिटीवाल्यानं स्वतःची खुर्ची उचलून माझ्याजवळ आणून ठेवली. सुपरवायझर म्हणाला, "जावा तुम्ही. हजेरीच्या कार्डाचं मी बघतो." माझ्या लग्नाचं, आमच्या अब्रूचं, आबांच्या झाकल्या मुठीचं जे काय व्हायचं ते त्या गेटवर एका वाक्यात होऊन गेलं, आणि मला अंगावरचं ओझं काढून घेतल्यासारखं हलकं वाटलं.

आम्ही गेटपलीकडं बाभळीखाली बसलो. टपरीवाल्यानं न मागता पाणी आणून दिलं. आप्पांनी आईला आणि आबांना निरोप धाडला आणि माझ्याजवळ बसले. रडले नाहीत, रागावले नाहीत, शपथ घातली नाही. मीच म्हटलं, "आप्पा, आधीपण वाटायचं. मी रोज न्हाई म्हणायचे ते काही दिवस खोटं होतं."

"ठावं हाय मला."

"कसं काय?"

आप्पा शेडांकडं बघत होते. "मी बी न्हाईच म्हनलो व्हतो," ते म्हणाले. "बाईंनी मला एकल्याला इचारलं व्हतं. रान गेलं तवापास्नं कवा कवा मला बी वाटतं. त्याच रानात पत्र्याखाली उभं ऱ्हायचं... मी बाईंना न्हाई म्हनलो. तू म्हनतीस ना, आगदी तसंच म्हनलो. म्हून वळखलं."

मला असा राग आला, असा राग आला की बास! रजई फाडून आलेला राग. मी ओरडलेच, "मला रोज विचारता, आणि स्वतः? कुणाला सांगितलं तुम्ही?"

"कुनाला सांगू? बापई मानूस मी."

"बापई माणूस! काही कौतुक नाही त्याचं! उद्या दौंडला आधी तुम्ही बोलायचं. मी नाही. तुम्ही!"

टपरीवाला वळून बघायला लागला. आप्पा माझ्याकडं बघून चक्क हसले, डोळ्यांत पाणी असताना. "बरं," म्हणाले.

तेवढ्यात आई आली, कांद्याच्या मातीच्या हातांनी, पळत. मागून आबा, टोपी हातात. दिवस कलायच्या आत आम्ही चौघं शिरूरच्या डॉक्टरांपुढं होतो, आणि रात्रभर आई माझ्या एका बाजूला आणि आप्पा दुसऱ्या बाजूला बसून होते.

दुसऱ्या दिवशी बाईंचा वार होता. खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. बाईंनी विचारलं, "आज कोण सुरुवात करतंय?" नेमकी गाडी आली. खिडक्या थरथरायला लागल्या. आप्पांनी बोट वर केलं, शाळेतल्या पोरासारखं, आणि गाडी जाईपर्यंत ते तसंच वर धरून बसले. आई त्यांच्याकडं बघत होती, तिला अजून काही माहीत नव्हतं. शेवटचा डबा गेला. आप्पांनी हात खाली घेतला, खाकरले आणि बोलायला लागले, "मला बी..."

तिथंच थांबले. बाई थांबल्या, आबा थांबले. मी खुर्ची पुढं ओढली. मरायचं वगैरे मला काही आठवत नव्हतं. मला पुढचं ऐकायचं होतं.